चक्कीच्या खोलीतली हवा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

चक्कीच्या खोलीत आज अकरा मिनिटं टिकले. घड्याळ लावून आत गेले होते, म्हणून आकडा पक्का आहे. बारावं मिनिट सुरू व्हायच्या आत डोळे आपोआप मिटले, घशाला जाळ लागला, आणि जब्बार मिस्तरींनी दंडाला धरून बाहेर आणलं. "मॅडम, ये नये आदमी का काम नहीं." नवा माणूस! अठ्ठावन्न पूर्ण झालीत मला.

त्याच खोलीत मोतीबाई बावीस वर्षं आहे. चक्कीतून पडणारं तिखट ती चाळणीवर घेते, दोन बोटांत चोळून पाहते आणि जब्बारना हाताने खूण करते – अजून बारीक, किंवा बस. दुसऱ्या कुणाला ती पारख नाही. तोंडावर फक्त लुगड्याचं फडकं. मी बाहेर बाकावर बसून खोकत होते तर तीच पाणी घेऊन आली. "ताई, आठेच बठा. तुम्हना डोया लाल व्हई गयात."

मी विचारलं, तुम्हाला काही होत नाही का?

"माले काय व्हस? मन्हा रगतमाच तिखट शे."

हसली, आणि हसता हसता खोकला आला. तो मात्र बराच वेळ थांबला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

यादी पूर्ण केली. गुजरातेतल्या रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं हेच केलं – काय बाधतं ते शोधायचं, किती बाधतं ते मोजायचं, जिथून निघतं तिथेच अडवायचं, आणि पुन्हा मोजायचं. इथे मिरचीच्या कारखान्यात कुणी कधी मोजलेलंच नाही. मालक हेमकांतला परदेशातलं गिऱ्हाईक मिळालंय, त्याला कामगारांच्या आरोग्याची फाईल हवी आहे, म्हणून मी. माझ्या नवऱ्याच्या, नवनीतच्या, मित्राचा हा मुलगा. कामगारांसमोर मला मॅडम म्हणतो, केबिनमध्ये काकू. जानेवारीअखेरपर्यंत काम.

देठ खुडणाऱ्या बायकांचे हात जळतात. घरी गेल्यावर लेकरांच्या तोंडाला हात लावता येत नाही. तिखट पाण्याने जात नाही, तेलाने जातं – आधी तेल, मग साबण. मी हे सांगायला उभी राहिले तर सगळ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांना ते माहीत होतंच. कारखान्यात तेल आणि मोरी नव्हती, एवढंच! दोन्ही मिळवून दिलं. पहिलं काम झालं.

दुसरं काम कठीण. चक्कीची खोली.

८ डिसेंबर, रविवार

स्वप्नालीचा फोन, अकरा वाजता, दर रविवारप्रमाणे. "आई, या वयात तुला काय पडलंय त्या मिरचीचं? पुण्याला ये ना." येईन म्हणाले. आम्ही दोघीही हे दर रविवारी म्हणतो.

नवनीतला निवृत्तीनंतर आपल्या गावाकडेच यायचं होतं. कोरीटची शेती भावांनी पाहायची, आपण नंदुरबारात छोटं घर बांधायचं, संध्याकाळी ओट्यावर बसायचं. ओट्यावर तो आठच महिने बसला, मग गेला. आता त्यावर मी बसते तेव्हा समोरच्या बायका बोलता बोलता थांबतात. वाईट नाहीत त्या. रंजिता एकदा म्हणालीच, "काकू, तुम्ही पुस्तकासारखं बोलतात, मग आमचं अहिराणी आम्हालाच कसंतरी वाटतं." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, नवनीतची भाषा मला सगळी समजते, पण तोंडातून निघत नाही. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये घरची बोली बोललं की सिस्टर ॲग्नेस पाटीवर रेघ मारायच्या. दहा रेघा झाल्या की वर्गाचे सगळे डस्टर भिंतीवर झटकायचे. पांढरा ढग. मग त्याच येऊन माझ्या नाकाला ओला रुमाल बांधायच्या. शिक्षाही त्यांची आणि रुमालही त्यांचाच.

१० डिसेंबर, मंगळवार

दुपारचा चहा आता मोतीबाईबरोबर घेते. माझ्या खोलीला काच आहे, चक्कीच्या खोलीकडे तोंड केलेली. ती काचेवर टिचकी मारते, मी थर्मास घेऊन बाहेर जाते. ती बशीत ओतून पिते. तिचा नवरा नाही, मुलगा सुरतेला, सूनही तिकडेच. एकटीची भाकरी थापते. "एक थापो का चार, चुल्हा तेवढाच पेटाडना पडस," म्हणाली. मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

हेमकांतशी बोलणं झालं. तो म्हणतो, "काकू, भारीतले मास्क वाटून टाकू, फोटो काढू, झालं." मी म्हटलं, मास्क शेवटी. त्या उकाड्यात आठ तास मास्क कुणी घालत नाही, आणि घातला तरी तिखट खोलीत राहतंच. चक्कीच्या तोंडावर चिमणीसारखं हूड बसवायचं आणि सक्शनच्या पंख्याने धूळ तिथल्या तिथे ओढून पिशव्यांत धरायची. तो बोटांनी टेबल वाजवत राहिला. मग म्हणाला, "आकडा दाखवा. आकडा जास्त निघाला तर संक्रांतीच्या आत पंखा. शब्द देतो."

तिखटाच्या धुळीसाठी वेगळी मर्यादा मला कुठे सापडली नाही. आम्ही दोघांनी मिळून पाच ठरवली – एक घनमीटर हवेत पाच मिलिग्रॅम धूळ. पाचाच्या वर गेला तर पंखा.

आत जाऊन आल्यावर मला तर पन्नासच्या खाली वाटत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

मोजणी झाली.

पंप माझा स्वतःचा आहे – निवृत्तीच्या वेळी कारखान्याने भेट दिलेला. कमरेला लहान डबा, त्यातून नळी, नळीच्या टोकाला फिल्टरची डबी. ती गळ्याजवळ चापाने लावायची. माणूस श्वासात जी हवा घेतो तीच हवा तोही घेतो. संध्याकाळी फिल्टर काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, ते वजन करून सांगतात.

सकाळी सातला मोतीबाईच्या अंगावर बांधला. हिरवा दिवा लागला. तिने मान वाकडी करून पाहिलं. "हाऊ मन्हासंगे श्वास ली का?" हो म्हटलं. तुमच्याबरोबर दिवसभर.

हेमकांतने सगळ्यांना जमवून दम भरला – मॅडमच्या मशीनला कुणी हात लावला तर त्याच दिवशी गेटच्या बाहेर. मला ते आवडलं नाही, पण गप्प बसले. मशीन माझं, म्हणून बरंही वाटलं असेल.

दर तासाला जाऊन पाहायचं असतं. हा नियम मी अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवला. आज दोनदाच गेले. पहिल्यांदा दहाला, मग दोनला. दोन्ही वेळा दारातूनच पाहिलं – दिवा हिरवा, मोतीबाई चाळणीवर वाकलेली, फडकं गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. बाकी वेळ काचेमागे बसून होते. आत जाववेना. घसा अजून दुखतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

फिल्टर नाशिकला कुरिअरने रवाना.

२३ डिसेंबर, सोमवार

शून्य दशांश चार.

तीनदा वाचलं. कागद उलटा करून पाहिला. पाच नाही, चार नाही – शून्य दशांश चार. इतकी स्वच्छ हवा माझ्या स्वयंपाकघरातही नसेल.

प्रयोगशाळेला फोन केला. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, फिल्टर जवळपास पांढराच होता. वजन दोनदा घेतलंय." त्याची चूक नाही. मग माझ्या डोळ्यांची? त्या दिवशी दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत पडली होती, आणि ती लाल होती. मी पाहिली होती.

हेमकांत खूश. "काकू, तुम्ही उगाच घाबरवलंत." पेढे मागवले. पंख्याचा विषय संपला. अहवालाखाली सही करा म्हणाला, गिऱ्हाइकाला आजच पाठवायचाय. मी म्हटलं, एकदा परत मोजू. "तुमच्याच मशीनवर तुमचाच भरवसा नाही?"

सही केली. आयुष्यभर लोकांना सांगत आले – डोळ्यांवर नाही, आकड्यावर विश्वास ठेवा. आज स्वतःला दुसरं काय सांगणार होते?

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. नाशिकला आम्ही मुली गव्हाणीसाठी गवत गोळा करायचो. मी हिंदू म्हणून मला मेंढ्या मांडायला द्यायच्या, बाळाला हात लावायला नाही. एका वर्षी सिस्टर ॲग्नेसनी हळूच मला बोलावून बाळ माझ्या तळहातावर ठेवलं. कुणी पाहिलं नाही. प्लास्टरचं होतं, गार.

आज कुणाशीही एक शब्द बोलले नाही. दूधवाल्याशी बोलले असते, पण तो फक्त पिशवी अडकवून जातो.

३० डिसेंबर, सोमवार

मोतीबाईला एका श्वासात आकडे म्हणायला लावले. यंत्र नसलं की आम्ही असंच करायचो – खोल श्वास घ्यायचा आणि न थांबता मोजत जायचं. चांगली छाती असली की माणूस पस्तीस-चाळीसपर्यंत जातो. दीपमालाने अडतीस म्हटले. दीपमाला म्हणजे तिच्या हाताखाली चाळणी शिकणारी, दोन मुलींची आई.

मोतीबाई चौदावर थांबली. म्हणाली, "चौदा चांगला शे, ताई. चौदा वरीसनी व्हतू तधय मन्हं लगन व्हयनं."

दीपमाला हसली. मी वहीत चौदा लिहिलं. जानेवारीअखेर मी जाणार. ही खोली अशीच राहणार, आणि तिच्या दारावर माझ्या सहीचा कागद – इथली हवा स्वच्छ आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कळलं.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी दाराशी उभी होते. दीपमालाने कमरेचा मोबाईल काढला, एका पातळ कॅरीबॅगमध्ये घातला, वरून रबर लावला आणि परत कमरेला खोचला. मी सहज विचारलं, हे काय?

"मोबाईलमा तिखट गयं ते आवाजच निंघत नही, ताई. आम्ही समद्या अशाच बांधतस. घड्याळ बी."

मोतीबाई फडकं गुंडाळत होती. तिला म्हटलं, मोतीबाई, त्या दिवशी माझा पंप –

"मंग काय," ती म्हणाली. अगदी सहज. "एवढं महागडं मशीन तुम्हनं. तिखट भरी जातं त बिघडी जातं. ती डबीले मी पिशवी बांधी दिधी, फडकानाखाले. सैल बांधी व्हती, म्हंजे त्याले श्वास घेता येवाले पाहिजे. सांजले तुम्ही येवाना आधी सोडी टाकी." आणि मग थोड्या अभिमानाने, "बिघडनं नही ना?"

नाही, म्हटलं. बिघडलं नाही.

पिशवी सैल होती म्हणून पंप थांबला नाही, दिवा हिरवा राहिला. फडक्याखाली होती म्हणून मला दिसली नाही. दोनदा गेले, दोन्ही वेळा दारातून पाहिलं. एकदा जवळ जाऊन फडकं बाजूला केलं असतं तर!

४ जानेवारी, शनिवार

काल लिहिताना राग यायला हवा होता. आला नाही. नवनीत गेल्यापासून माझी एखादी वस्तू जपावी असं कुणाला वाटलं नव्हतं. तिने स्वतःचं नाक उघडं ठेवलं आणि माझ्या डबीला पिशवी बांधली.

तिची चूक तिला सांगितलेली नाही. सांगितली तर ती हेमकांतकडे जाईल, अशीच आहे ती. आणि त्याने तर सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय – हात लावला तर गेटबाहेर.

६ जानेवारी, सोमवार

हेमकांतला पत्र लिहिलं. अख्खा दिवस लागला, आणि जमल्या त्या चारच ओळी. बारा डिसेंबरच्या मोजणीत फिल्टरच्या डबीचं झाकण काढायला मी विसरले, त्यामुळे आकडा चुकीचा आहे, अहवाल रद्द समजावा, मोजणी पुन्हा करावी. खाली सही.

खोटं आहे. ज्याला या पंपातलं कळतं तो एका मिनिटात ओळखेल – झाकण लावून हा पंप आठ तास चालतच नाही, ओरडून बंद पडतो. हेमकांतला कळत नाही.

कामाच्या कागदावर खोटं लिहिण्याची ही पहिलीच वेळ. चूक तशी माझीच आहे ना? फक्त झाकणाची नाही, एवढंच.

८ जानेवारी, बुधवार

त्याने पत्र वाचलं आणि हसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काकू, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव ना?"

हो म्हटलं.

"आणि झाकण विसरलात."

हो.

मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "कागद गिऱ्हाइकाकडे गेला. त्यांनी मंजूर केला. आता आपणच म्हणायचं का, आमची बाई विसरली?" पुन्हा मोजायचं नाही. पत्र त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलं. "तुम्ही थकलात. माझे बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते. आता घरी आराम करा, उद्यापासून नका येऊ." वाईट माणूस नाही. दारापर्यंत सोडायला आला.

म्हणजे खोटंही बोलले आणि पंखाही गेला.

मोतीबाईला सांगितलं, माझं काम संपलं. "इतलं लवकर?" म्हणाली. बशीतला चहा गार होईपर्यंत धरून बसली.

११ जानेवारी, शनिवार

पंप कपाटात ठेवला. सकाळी सातला सवयीने तयार झाले. साडी नेसून बसून राहिले. दहाला बदलली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आकाशात पतंगच पतंग, गुजरातेसारखे. गच्च्यांवर लाऊडस्पीकर. रंजिताने मुलीच्या हाती तिळगूळ पाठवला. हळदीकुंकवाला समोरच्या घरी बायका जमल्या होत्या, हसण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. मला बोलावत नाहीत. बोलावू नये असं कुणी ठरवलेलं नाही, बोलावत नाहीत इतकंच.

संक्रांतीच्या आत पंखा, असा शब्द होता.

एका श्वासात मोजून पाहिलं. एकतीस. माझी छाती ठीक आहे. अठ्ठावीस वर्षं मी काचेमागे होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

दीपमालाचा फोन आला. आधी ती बराच वेळ नुसती "हॅलो, ताई, हॅलो" करत राहिली. मग भडाभडा सांगितलं.

काल जेवणाच्या सुट्टीत हेमकांत शेडमध्ये आला होता. गिऱ्हाइकाचा माल अडकलाय, घाई करा म्हणाला. मग गंमत म्हणून सगळ्यांना सांगितलं – मॅडमनी पंप बांधला पण झाकणच काढायचं विसरल्या, आणि अशांच्या सांगण्यावरून आपण पंखा आणायला निघालो होतो. सगळे हसले.

मोतीबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "झाकण त ताईनी मन्हा देखता काढं. पिशवी मी बांधी व्हती. ताई मन्हासाठे खोटं बोलनी."

मला दीपमालाला दोनदा विचारावं लागलं. असंच म्हणाली? असंच. सगळ्यांसमोर? समद्यासमोर.

हेमकांत म्हणाला, मी काय सांगितलं होतं? मोतीबाईने डबा उचलला आणि गेटबाहेर गेली. कुणाकडे पाहिलं नाही.

जे वाचवायला खोटं बोलले, तेच गेलं. तिचं घर नक्की कुठे ते मला माहीत नाही. रोज चहा प्यायलो आणि मी कधी विचारलं नाही, कुठे राहता.

१८ जानेवारी, शनिवार

जब्बार मिस्तरी घरी आले. ओट्याखालीच उभे राहिले, आत येईनात. चाळणीवर दीपमालाला उभं केलं होतं. एक पोतं जाड निघालं, दुसरं जळकं. गिऱ्हाइकाचा माल सोमवारपर्यंत जायचा आहे. काल संध्याकाळी हेमकांत स्वतः गाडी घेऊन मोतीबाईच्या घरी गेला.

"आपको पता है क्या बोली? बोली, येसू, पन ताईले बलावा. मशीन परत बांधा. बिगर पिशवीनं." जब्बारना हसू आवरेना. "सेठ बोले ठीक है. तो बोली, और तुम भी आके खडे रहो, नहीं तो फिर बोलोगे कोई कुछ भूल गया."

म्हटलं, जब्बारभाई, वर या, चहा टाकते. आले. नवनीतच्या खुर्चीवर बसले. त्यांना माहीत नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

सातला मोतीबाईच्या अंगावर पंप लावला. झाकण काढून तिच्या हातात दिलं. तिने ते कमरेला खोचलं.

मी बाहेर आले नाही. दिवसभर आत थांबले, तिच्या शेजारी, तिच्याचसारखं फडकं बांधून. अकरा मिनिटं कधी गेली ते कळलं नाही, कारण डोळे उघडतच नव्हते. तासाभराने थोडं दिसायला लागलं. चक्कीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आत सगळं हातांनी चालतं. पाणी हवंय – अंगठा ओठाला. थांबा – तळवा. इतके दिवस काचेमागून मला ते कामाच्या खुणांसारखंच दिसत होतं. त्या दिवसभर गप्पा मारतात! दुपारपर्यंत मोतीबाईने मला दीपमालाच्या सासूची पूर्ण गोष्ट सांगितली, एक शब्द न उच्चारता.

हेमकांत साडेनऊला आला, तोंडाला भारीतला मास्क लावून. दाराशी उभा राहिला. मोतीबाईने हाताने खूण केली – आत या. आला. पंधरा-वीस मिनिटं असेल. मास्क वर करून डोळे पुसले तेव्हा तिखट डोळ्यांत गेलं आणि तो भिंतीला धरून खाली बसला. जब्बारनी बाहेर नेलं. परत आला नाही.

संध्याकाळी फिल्टर उघडला. विटेच्या रंगाचा. वजन करायचीही गरज नव्हती.

मला रात्रीचं जेवण गेलं नाही. छाती दुखते. बावीस वर्षं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सदतीस.

हेमकांतने कागद पाहिला. पंख्याची ऑर्डर त्याने एकवीस तारखेलाच दिली होती, असं जब्बारकडून कळलं. आकडा यायच्या दहा दिवस आधी. मी त्याला म्हटलं, सुधारलेला अहवाल गिऱ्हाइकाला पाठवू – पहिला आकडा कसा चुकला, पिशवी, माझं दारातूनच पाहणं, सगळं खरं लिहून. "पाठवा," म्हणाला. "काकू, त्या आत कशा काय उभ्या राहतात?"



१७ फेब्रुवारी, सोमवार

हूड बसलं. सक्शनचा पंखा सकाळी सुरू झाला. मला फोनवर आवाज ऐकवला जब्बारनी. दीपमाला मागून ओरडत होती – खोलीना त्या टोकनी भिंत दिखी ऱ्हायनी!

दुपारी तीनला दार वाजलं. मोतीबाई. हातात चपला, दम लागलेला, पायरीवरच बसली. पंख्याखाली ती एक दिवसही उभी राहिली नाही. "दीपमालाले बोटनी पारख शिकाडी दिधी. तिले उभं करी उनू," म्हणाली. मागच्या दिवाळीतच डॉक्टरने तिला सांगितलं होतं, काम सोड. तिने कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. "मन्हा दम त गया, ताई. पन ती खोलीमा तशीच तिले कशी सोडू?"

इतके दिवस मी समजत होते, मी हिला वाचवतेय.

ती आत आली. स्वयंपाकघरात बसून पीठ मागितलं. भाकरी थापतेय. चार.